नक्कल खरी, नकली खोटे

(बारामती येथे वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



मध्यंतरी एका सातबाऱ्यासाठी इंदापूरला गेलो होतो. कचेरीबाहेरच्या टपरीवरच्या पोरानं विचारलं, "काका, नक्कल पाहिजे का झेरॉक्स?" मी म्हटलं, "फरक काय रे?" त्यानं मान वर न करता सांगितलं, "झेरॉक्स तुमच्या कागदाची निघती. नक्कल सरकारच्या कागदाची."

आजच्या व्याख्यानाचं बीज त्या एका वाक्यात आहे. आपल्या कोशकारांनी 'नक्कल'पुढे प्रत, प्रतिकृती, अनुकरण, सोंग असे शब्द ओळीनं मांडून ठेवलेत, जणू कोणताही उचलावा आणि कुठंही ठेवावा. टपरीवरच्या पोराला मात्र ठाऊक होतं की शब्द बदलला की मूळ कागद कुणाच्या कपाटात आहे तेही बदलतं.

'नक्कल' अरबीतून आला. तिथं त्या धातूचा अर्थ एका जागेवरून दुसऱ्या जागी वाहून नेणं. दप्तरातला कागद जागचा हलत नाही, मजकूर तेवढा तुमच्या हाती येतो, आणि खाली शिक्का बसतो: 'खरी नक्कल'. गंमत बघा, त्याच घरातला दुसरा भाऊ 'नकली'. दागिना नकली, नोट नकली, दात नकली. नक्कल खरी असते आणि नकली खोटं असतं, आणि या दोन्ही गोष्टी एकाच दिवशी, एकाच बाजारात बोलताना आपली जीभ अडखळत नाही. नकली वस्तू स्वतःलाच अस्सल म्हणवते. नक्कल मात्र कपाळावर लिहून हिंडते की मी नक्कल आहे, माझं अस्सल तिकडं आहे.

इंदापूरचा आणि जमिनीच्या कागदाचा संबंध जुना आहे. १८२०च्या दशकात प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्यानं पुणे जिल्ह्यात मोजणी करून सारा बसवला. तो इतका जड झाला की रयत टेकीला आली. मग १८३५-३६मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी फेरमोजणी करून नवा सारा बसवला, तो पहिल्यांदा इंदापूर तालुक्यात, आणि तीस वर्षांसाठी कायम केला. पुढं हीच पद्धत मुंबई इलाख्यात पसरली. शेताला नंबर आला, नंबरापुढे क्षेत्र आणि आकार आला. तोवर माझ्या आज्याचा पणजा 'वढ्याकाठची पट्टी' म्हणत असणार. त्यानंतर घराण्याला नक्कल मागावी लागू लागली.

आता 'प्रत' घ्या. पोथीची प्रत म्हणजे हातानं उतरवलेली दुसरी पोथी. पण आपल्याच आडतीवर गुळाच्या ढेपेला खरेदीदार टोचा मारतो, चव बघतो आणि म्हणतो, "प्रत चांगली आहे." इथं प्रत म्हणजे दर्जा. हे दोन अर्थ एका शब्दात कसे नांदू लागले ते व्युत्पत्तीवाल्यांनी सांगावं, पण ज्यांनी हस्तलिखितं चाळलीत त्यांना नवल वाटणार नाही. प्रतीप्रतीत फरक पडतोच. लिहिणारा पेंगतो, ओळ गाळतो, किंवा त्याला वाटतं, इथं आपली एक ओवी घातली तर काय बिघडलं! ज्ञानेश्वरीच्या प्रतींत असे अपपाठ शिरले म्हणूनच शके १५०६मध्ये एकनाथांना शुद्ध प्रत सिद्ध करायला बसावं लागलं. मूळ ग्रंथानंतर जवळजवळ तीनशे वर्षांनी केलेलं ते काम म्हणजे नकलेची निगराणीच.

उतरवून घेणं हा मला सर्वांत मायाळू शब्द वाटतो. आपण दृष्ट उतरवतो, पाहुण्याला घरी उतरवून घेतो, आणि अभंगही वहीत उतरवून घेतो. दरवर्षी तुकोबांची पालखी बारामतीवरून, निमगाव केतकीवरून इंदापूरकडे जाते. त्या पालखीतल्या टाळकऱ्यांच्या मुखी जे अभंग असतात, ते चाकणच्या संताजी जगनाड्यांसारख्यांनी वह्यांत लिहून ठेवले म्हणून आपल्यापर्यंत आले. याला कॉपी म्हणून बघा, जीभ वळते का!

गावच्या जत्रेतल्या नाटकात ज्यांनी काम केलंय ते सभागृहात असतीलच. तिथं 'नक्कल' म्हणजे आपल्या वाट्याच्या भाषणांचा कागद. "नक्कल पाठ झाली का?" असं मास्तर विचारायचे. पुढं तोच नट पारावर मास्तरांची नक्कल करून सगळ्यांना हसवायचा. पहिली नक्कल पाठ असावी लागते, दुसरी हुबेहूब असून थोडी जास्तीची असावी लागते. तंतोतंत केली तर कुणी हसत नाही.

बारामतीत बोलायचं आणि मोरोपंतांना टाळायचं, हे शक्य नाही. बाबूजी नाईकांच्या आश्रयाला या गावात राहून पुराण सांगणाऱ्या या माणसानं रामकथा किती परींनी लिहिली! परंपरा अष्टोत्तरशत रामायणं सांगते. त्यांतलं निरोष्ठ रामायण आठवा. ओठ टेकून उच्चारायचं एकही अक्षर घ्यायचं नाही, म्हणजे 'म' गेला, म्हणजे रामायणात 'राम' म्हणायची सोय राहिली नाही. कथा वाल्मीकींची, भारत व्यासांचं, हे ऐकणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक. कवीनं लपवलंच नाही, उलट त्यावरच डाव मांडला. याला आपण अनुकरण म्हणत नाही, भाषांतरही पुरतं म्हणवत नाही. कित्ता गिरवता गिरवता हात सुटून स्वतःचं वळण यावं, तसं ते आहे. पंतांची आर्या सगळ्यांना भावते असं नाही, मलाही काही ठिकाणी ती दमवते, पण चोरीचा आळ तिच्यावर कुणी घेतला नाही.

चोरीचा शब्द आपल्याकडे वेगळाच आहे: उचलेगिरी. ऊसपट्ट्यात राहणाऱ्यांनी त्याचा सख्खा शेजारी 'उचल' रोज ऐकलाय. तोडणीला येणारं जोडपं मुकादमाकडून उचल घेतं आणि कोयता चालवून ती फेडतं. फिटता फिटत नाही, ती कथा निराळी. उचलेगिरी करणाऱ्याच्या वहीत मात्र देणेकऱ्याचं नावच नसतं.

आणि मग 'कॉपी'. जुन्या शाळेत "बघून लिहिलंस!" म्हणून छडी बसायची. बघून लिहिण्यात निदान बघणं तरी होतं. आता कॉपी ही वस्तूच झाली. "त्याच्याकडं कॉपी सापडली," म्हणजे मोज्यातली चिठ्ठी. ती पुरवणारे निराळे, पकडणारे निराळे, आणि वर्तमानपत्रात 'कॉपीबहाद्दर', म्हणजे बहादुरीही आलीच. परीक्षांविषयीच्या १९८२च्या राज्य कायद्यानं मात्र या कॉपीला 'गैरप्रकार' असा कोरडा शब्द दिला. इंग्रजीतला हा साधा शब्द मराठीत उतरताना नेमका परीक्षागृहात शिरला आणि तिथला कलंक घेऊन बाहेर आला. म्हणूनच कार्यालयात आपण 'ट्रू कॉपी' म्हणतो, 'ट्रू' लावल्याशिवाय आपल्याला धीर होत नाही. 'नक्कल' आणि 'प्रत' हाताशी असताना!

एक शब्द राहिला. इंदापूरकडं डाळिंबाच्या बागा आहेत. 'भगवा' जातीचं बी लावलं तर भगवाच येईल याची खात्री नसते, म्हणून फांदीची साल काढून, ओलं शेवाळ बांधून गुटी कलम करतात. कलम म्हणजे लेखणी, आणि कलम म्हणजे हेही. पोथी उतरवणारा आणि बाग उतरवणारा, दोघांच्या हातात एकच शब्द. परवा एका रोपवाटिकेतल्या माळ्याला मी मुद्दाम विचारलं, "ही सगळी रोपं एकाच झाडाची नक्कल म्हणायची का?"

"नक्कल कशाला? कलमं हायती," तो म्हणाला, आणि पाण्याची नळी खाली ठेवून बांधाकडेच्या एका झाडाकडे बोट केलं. "ती बघा त्यांची आई."