खनिजवाहू ट्रक आणि गावाचे उत्पन्न : मोजमापाचा प्रश्न
(लाटंबार्से येथे शिक्षक व ग्रामस्थ यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



ट्रकधंद्याविषयी मत नाही असे घर डिचोली तालुक्यात सापडणे कठीण. ट्रकांनी तालुका सावरला, असे काहीजण म्हणतात. धुळीने शेती-बागायत नेली, असे इतरांचे म्हणणे. अनुभव दोन्ही पक्षांपाशी आहे. गावापुरते आकडे मात्र कोणापाशीच नाहीत. ते कसे मिळवावेत, एवढ्यापुरतेच मी आज बोलणार आहे.

खाणीवरून ट्रकने नदीच्या धक्क्यावर आणि तेथून बार्जीने मुरगाव बंदराकडे, ही येथील खनिजमालाची वाट. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली गोव्यातील उत्खननास वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घातली. दर ट्रकात १० टन माल धरला, तर तेवढ्यासाठी २० लाख खेपा होतात, आणि परतताना ट्रक रिकामाच. वाहतूक मोजण्याचे रूढ माप टन-किलोमीटर हे आहे. पल्ला लहान असल्याने या मापात आपला तालुका किरकोळ दिसतो. रस्त्याकडेच्या घराला मात्र पल्ला कळत नाही, खेपा कळतात.

आता पैशाकडे वळू. ट्रकमालकाच्या हाती आलेले सारे भाडे म्हणजे धंद्याचे योगदान नव्हे. समजण्यापुरते १०० रुपये भाडे धरू. त्यातले ६० डिझेल, टायर, तेल व दुरुस्ती यांवर गेले, तर उरलेले ४० हे मूल्यवर्धन. चालक व क्लीनर यांचे वेतन, कर्जाचे व्याज, ट्रकची झीज आणि मालकाची मिळकत ही सर्व त्या ४० मध्येच येतात. खाण कंपनी स्वतःचे ट्रक चालवीत असेल, तर तेच काम हिशेबात सामान्यतः खाण उद्योगाखाली जमा होते. म्हणजे ट्रक तोच, रस्ता तोच, पण रकाना वेगळा! केवळ ‘रस्ता वाहतूक’ हे सदर पाहून निष्कर्ष काढणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलेले बरे.

लाटंबार्से हे सीमेवरील गाव असल्याने येथे आणखी एक पेच आहे. दोडामार्गहून येऊन येथे ट्रक चालविणाऱ्याचे श्रम गोव्याच्या उत्पादनात मोजावयाचे; त्याचे वेतन मात्र महाराष्ट्रातील घरात खर्च होते. उत्पादन कोठे झाले आणि उत्पन्न कोणास मिळाले, हे दोन प्रश्न वेगळे आहेत. ट्रकच्या नंबरपाटीवरून दुसऱ्याचे उत्तर मिळत नाही.

हा सूक्ष्मपणा कोरडा वाटेल. परंतु २०१२ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये खाणी बंद झाल्या, आणि मार्च २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या, तेव्हा त्याची किंमत कळली. ट्रकमालकाचे नाव वाहतूक खात्याच्या दप्तरात होते, कर्ज बँकेच्या वहीत होते. त्याची हानी निदान दाखविता येत होती. क्लीनर, पंक्चर काढणारा, धक्क्याजवळ चहा-भजी विकणारी बाई यांचा हिशेब कोणत्या वहीत होता? ज्याची नोंद नाही, त्यास मदत मागतानाही पुरावा देता येत नाही.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. काजूच्या मोहरावर बसलेली धूळ, खचलेला रस्ता, मुलांचा जिवावरचा शाळेचा रस्ता, हे काही राज्य उत्पन्नातून वजा होत नाही. उलट रस्तादुरुस्तीचा खर्च त्यात भरच घालतो! म्हणून हा तोटा वेगळ्या पानावर लिहावा लागेल.

लिलावानंतर २०२४ पासून डिचोलीत खाणकाम पुन्हा सुरू झाले आहे. भाड्याचे दर, ट्रकांची संख्या, वाहतुकीच्या वेळा यांवर बोलणी होतच राहणार. नमुना सर्वेक्षणे राज्याचा अंदाज देतात, वाड्याचा नाही. तेव्हा शिक्षकांच्या मदतीने पंचायतीने घरोघर एक साधी वही करावी : घरात ट्रक आहे काय, त्याच्या महिन्याच्या खेपा, डिझेल, हप्ता (त्यात व्याज किती, मुद्दल किती, हे निराळे), घरातील कोण त्या धंद्यावर आहे, आणि शेतीचे नुकसान काय. नोंद बारा महिन्यांची हवी. पावसाळ्यात ट्रक उभे असतात, पण हप्ता उभा राहत नाही. केवळ जानेवारीत विचारले, तर प्रत्येक ट्रकमालक श्रीमंत दिसेल. वहीची सुरुवात ऑक्टोबरमध्ये, वाहतूक सुरू होण्याच्या सुमारास करणे सोयीचे पडेल.