भुकेला क्लोरीन, गप्प फ्लोराईड

परळी वैजनाथहून बोलतोय. हॅलोजन म्हटलं की महाशिवरात्रीच्या यात्रेतला, लग्नाच्या वरातीतला तो झगझगीत दिवा आठवतो ना? त्याला हे नाव मिळालं आतल्या थोड्याशा आयोडीन किंवा ब्रोमीनमुळं. फ्लोरीन आणि क्लोरीन त्यांचेच भाऊबंद. आवर्तसारणीतला गण 17.

या घरातल्या प्रत्येकाच्या बाहेरच्या कक्षेत 7 इलेक्ट्रॉन असतात. आठवा मिळेपर्यंत चैन नाही. फ्लोरीन तर इतका भुकेला की त्याला शुद्ध स्वरूपात वेगळं काढायला 1886 साल उजाडलं. ते करणाऱ्या आंरी म्वासांना 1906 मध्ये नोबेल मिळालं.

आता आपल्या पाण्याकडं या. जलसुरक्षक टाकीत टीसीएल पावडर टाकतो. त्यातला क्लोरीन अजून भुकेलाच असतो. तो जंतूंचे इलेक्ट्रॉन ओढतो आणि जंतू मरतात. नळाच्या पाण्यात लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक हवा. ओटी टेस्टमध्ये पाणी पिवळं झालं की कळतं, क्लोरीन आहे. पुष्कळदा नुसत्या वासावरूनही कळतं.

फ्लोराईडचं तसं नाही. फ्लोराईड म्हणजे आठवा इलेक्ट्रॉन मिळालेला, पोट भरलेला फ्लोरीन. त्याला रंग नाही, वास नाही. आमच्याकडं उन्हाळ्यात बोअर खोल खोल जातात. खोलातलं पाणी खडकात जास्त काळ मुरलेलं असतं, त्यामुळं काही ठिकाणी खडकातलं फ्लोराईड त्यात उतरतं. बीड जिल्ह्यातल्या काही बोअरच्या पाण्यात ते मर्यादेबाहेर सापडलंय.

थोडं फ्लोराईड दातांना बळ देतं. पण लिटरला 1 मिलिग्रॅमच्या आतच बरं. दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 पर्यंत चालवून घेतात. त्याच्या वर गेलं की दात तयार होण्याच्या वयातल्या पोरांच्या दातांवर पांढरे, तपकिरी डाग कायमचे बसतात. जास्त प्रमाण वर्षानुवर्षं पोटात गेलं तर हाडं आणि सांधे आखडतात.

इथंच लोक फसतात. ‘पाणी उकळून पितो की!’ अहो, उकळल्यानं पाण्याची वाफ होते, फ्लोराईड भांड्यातच राहतं. उलट ते दाट होतं. टीसीएलनंही ते जात नाही. चालू स्थितीतल्या आरओनं कमी होतं. नागपूरच्या नीरी संस्थेनं चुना आणि तुरटी वापरून फ्लोराईड काढायची पद्धत शोधली, तिला नलगोंडा तंत्र म्हणतात. पण आधी तपासणी हवी.

म्हणून एक काम करा. ग्रामपंचायतीत विचारा, आपल्या बोअरचं पाणी शेवटचं कधी तपासलं? कागद हातात आला की ‘पाणी पिण्यायोग्य’ एवढंच वाचून ठेवून देऊ नका, फ्लोराईडचा आकडा बघा. घरात लहान पोरं असतील तर हे याच आठवड्यात करा.

भेटू पुढच्या भागात. तोवर राम राम!