पत्र्याखालचा गार वर्ग

कमी पैशांत शाळा बांधायची म्हटलं की चार भिंती, वर पत्रा आणि दर्शनी भागाला रंग, एवढ्यावर काम उरकतं. पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासो देशात, गांदो गावी २००१ साली पूर्ण झालेली प्राथमिक शाळा मात्र निराळी आहे. वास्तुविशारद फ्रान्सिस केरे याच गावचे. बर्लिनमध्ये शिकत असतानाच त्यांनी निधी जमवला आणि गावकऱ्यांना हाताशी धरून तीन वर्ग उभे केले.

विटा तिथल्याच मातीच्या. थोडं सिमेंट मिसळून, न भाजता, यंत्रात दाबून पाडलेल्या. खरी करामत आहे ती छपरात. पत्रा थेट डोक्यावर येत नाही. वर्गावर आधी विटांचंच छत, त्यात मुद्दाम ठेवलेल्या फटी. त्याच्या वर साध्या बांधकामाच्या सळ्या जोडून केलेल्या कैच्या आणि त्यांवर भिंतींच्या बराच पुढे आलेला पत्रा. वर्गातली हवा तापली की फटींतून वर जाते आणि मधल्या मोकळ्या जागेतून निघून जाते. पुढे आलेल्या पत्र्यामुळे मातीच्या भिंती पावसातही टिकतात.

या शाळेला २००४ मध्ये आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळाला आणि केरे यांना २०२२ मध्ये प्रित्झ्कर.

विदर्भात एप्रिलमध्ये पत्र्याखाली बसणं काय असतं, हे तुम्हाला सांगायला नको. तेव्हा शाळा व्यवस्थापन समितीत नव्या वर्गखोलीचा आराखडा आला, तर रंगाची चौकशी नंतर करा, आधी छपराची करा.