मोतीच्या डोळ्यांतले पाणी



गेल्या बुधवारी वर्ग सुटल्यावर एक मेंढपाळ मागे थांबला. म्हणाला, "गुरुजी, माझ्या कुत्र्याचे डोळे रोज सकाळी चिकटलेले असतात. पिवळी चिपडं येतात. पाण्यानं पुसतो, दुपारपर्यंत पुन्हा तेच. दोन महिने झाले."

त्याला वाटत होते, कुत्र्याचे डोळे आले आहेत. आम्हांलाही एके काळी तसेच वाटले होते. म्हणून आज याच विषयावर बोलतो. कुणाला हसू आले तर हसावे. पण ज्याच्या दारात कुत्रे आहे, त्याने हसून झाल्यावर ऐकावे.

आमच्या घरी मोती आहे. पग जातीचा, चपट्या तोंडाचा, बटबटीत डोळ्यांचा. मुलाने पुण्यात पाळला होता. त्याची बदली झाली आणि मोती आमच्याकडे आला. पाच वर्षांचा झाला तेव्हा त्याचे डोळे लाल दिसू लागले. तो सारखा डोळे मिचकावी, पंजाने चोळी. घरात माणसाच्या डोळ्यांच्या थेंबांची अर्धी बाटली उरली होती. आम्ही तीच घातली. वर्गात मुलांना "विचारल्याशिवाय करू नका" असे सांगण्यात आमचा जन्म गेला, आणि घरी आम्ही हे केले!

पंधरा दिवसांनी मोतीला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी कागदाची एक बारीक पट्टी काढली. आमच्या शाळेत शाई टिपायला टिपकागद असे, तसाच तो कागद. त्यावर मिलिमीटरच्या खुणा होत्या. पट्टीचे टोक खालच्या पापणीत अडकवले आणि घड्याळ लावून एक मिनिट थांबले. डोळ्यातले पाणी कागदावर किती पुढे सरकते, ते पाहायचे. निरोगी कुत्र्याचा कागद १५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त भिजतो. दहाच्या खाली आले की डोळा कोरडा समजतात. पाचाच्या खाली म्हणजे फारच कोरडा. मोतीचा उजवा डोळा ३ आणि डावा ७.

आम्ही म्हणालो, "डॉक्टर, डोळा तर सारखा ओला दिसतो. मग कोरडा कसा?"

ते म्हणाले, "गुरुजी, ओढ्याचं पाणी आटलं की काय उरतं?"

"गाळ."

"हा तो गाळच."

अश्रू म्हणजे नुसते पाणी नव्हे. त्यात पाणी असते, वर तेलाचा पातळ थर असतो आणि बुबुळाला चिकटून चिकट पदार्थ असतो. पाणी आटले की चिकटा तेवढा राहतो आणि डोळ्यात साचतो. धूळ धुऊन जात नाही. डोळ्याची चमक जाते. असेच चालले तर बुबुळावर काळसर पडदा चढतो आणि जनावर आंधळे होते.

पाणी आटते का? बहुतेक वेळा शरीरातले राखणदारच अश्रूंच्या ग्रंथींवर उलटतात. कुंपणच शेत खाते, त्यातला प्रकार. पग, शिहत्झू, कॉकर स्पॅनिएल या जातींत हे जास्त दिसते. पण गावठी कुत्र्यालाही होते. डिस्टेंपर नावाच्या रोगाने होते, म्हणून पिलांना त्याची लस टोचावी. सल्फा जातीच्या गोळ्यांनीही कधी होते. काही कुत्र्यांच्या डोळ्याच्या कोपऱ्यात लाल गाठ बाहेर येते. ती अश्रूंची ग्रंथीच असते. ती कापून टाकली तर पुढे डोळा कोरडा पडू शकतो. डॉक्टर ती आत बसवून शिवतात, तसेच करून घ्यावे.

औषधाचे नाव सायक्लोस्पोरीन. नॉर्वे देशातल्या मातीत सापडलेल्या एका बुरशीपासून ते निघाले. दुसऱ्याचे मूत्रपिंड बसवलेल्या माणसांना ते देत असत, शरीराने ते परके मूत्रपिंड नाकारू नये म्हणून. अमेरिकेत डॉ. रेनी कॅस्वान या पशुवैद्य बाईंनी ते कुत्र्यांच्या कोरड्या डोळ्यांवर वापरून पाहिले, आणि आटलेले पाणी पुन्हा येऊ लागले. तिथे कुत्र्यांसाठी त्याला १९९५ साली मान्यता मिळाली आणि माणसांच्या कोरड्या डोळ्यांसाठी २००२ साली. आधी कुत्रे, मग माणूस! आम्हांला याची मोठी गंमत वाटते.

हे मलम दिवसातून दोन वेळा घालायचे. गुण लगेच येत नाही, महिना-दीड महिना धीर धरावा लागतो. तोवर कृत्रिम अश्रूंचे थेंब दिवसातून चार-सहा वेळा. आधी उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस बुडवून चिपडे पुसायची. मग थेंब. पाच मिनिटांनी मलम. नळीचे टोक डोळ्याला लागू द्यायचे नाही. झाल्यावर भाकरीचा तुकडा. मोती आता त्या तुकड्यासाठी स्वतःच येऊन बसतो.

दोन महिन्यांत मोतीचे डोळे काचेसारखे झाले. आता आमची चूक सांगतो.

दिवाळीनंतर आम्ही दोघे लेकीकडे नागपूरला निघालो. मोतीला शेजारच्या पोराकडे ठेवले. निघताना घरातून विचारणा झाली, "अहो, मलमाचं सांगितलंत का?" आम्ही म्हणालो, "डोळे स्वच्छ आहेत. उगाच पोराला कशाला व्याप?" तीन आठवड्यांनी परतलो तेव्हा मोतीचा उजवा डोळा घट्ट मिटलेला होता. डॉक्टरांनी डोळ्यात रंगाचा थेंब टाकला. बुबुळावरची जखम हिरवी चमकली. जखम भरायला बरेच दिवस लागले. ती भरली, पण डोळ्यात फूल पडले. त्या डोळ्याने मोतीला आता दिसत नाही. उजवीकडून कुणी गेले तर तो दचकतो.

मलमाने रोग मुळापासून जात नाही, दाबला जातो. मलम थांबले की राखणदार पुन्हा ग्रंथींवर उठतात. बहुतेक कुत्र्यांना ते जन्मभर घालावे लागते. हे डॉक्टरांनी आम्हांला सांगितले होते. आम्ही ऐकलेही होते.

आता भिंतीवरच्या कॅलेंडरवर सकाळी एक रेघ आणि संध्याकाळी एक रेघ मारतो. तुम्हांला आता लिहिता येते, तुम्हीही मारा.

आणि ती उरलेली बाटली! डोळ्यांच्या काही थेंबांत स्टिरॉइड असते. बुबुळावर जखम असताना ते पडले तर जखम चिघळते, डोळा फुटूही शकतो. डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन ही त्यांची नावे. बाटलीवर ती बहुधा इंग्रजीत असतात. दुकानदाराकडून वाचून घ्या, आणि डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय डोळ्यात घालू नका.

मेंढपाळाच्या कुत्र्याला हाच रोग आहे, असे आम्ही म्हणत नाही. पापणीचा केस आत वळला असेल, कुसळ गेले असेल. पट्टी लावल्यावर कळेल. तालुक्याच्या दवाखान्यात पट्टी आहे का, ते आधी विचारावे. नसेल तर परळ किंवा शिरवळ इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयासारख्या मोठ्या ठिकाणी चौकशी करावी.

उद्या बाजाराचा दिवस आहे. तो कुत्र्याला घेऊन सकाळच्या गाडीने निघणार आहे. आम्हीही बरोबर जातो. मोतीचे मलम संपत आले आहे.