घराण्यातली कला



वर्धापनदिनाला मंडळानं आम्हाला विषय दिला, 'घराण्यातली कला'. घराणं म्हटलं की आपल्या माणसाला आधी धास्तीच वाटते. आपल्या वाडवडिलांना घराण्यातून काय मिळालं? मेलेली ढोरं ओढणं, सांगावा पोचवणं, वेस राखणं. जातीनं लादलेलं ते काम बाबासाहेबांनी सोडायला लावलं, फार बरं झालं. पण म्हणून बापानं लेकराला हातातलं काही शिकवूच नये का?

डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हशे यांचं घर बघा. वारल्यांत लग्नाचा चौक बायका काढायच्या. सारवलेली भिंत, तांदळाच्या पिठाचं पांढरं पाणी अन् बांबूची काडी, एवढंच सामान. जिव्याची आई लहानपणीच गेली. पोरगं बोलेनासं झालं, मातीत रेघा ओढायला लागलं. पुढं बायकांची ही कला त्या पुरुषानं हाती घेतली आणि लग्नापुरती न ठेवता शेती, मासे धरायचं जाळं, तारपा नाच, सगळं काढलं. १९७० नंतर भास्कर कुलकर्णी यांनी त्यांना कागद दिला. १९७६ ला राष्ट्रीय पुरस्कार, २०११ ला पद्मश्री. २०१८ ला ते गेले. सदाशिव आणि बाळू ही मुलंही चित्रकारच झाली. जपानच्या निगाता प्रांतात मिथिला म्युझियम आहे, तिथं वारली चित्रं जपून ठेवलीत.

त्याच जपानात कानो नावाचं चित्रकारांचं घराणं जवळजवळ चारशे वर्षं चाललं. एरवी बापाकडून मुलाकडं. पण एइतोकु या उस्तादानं सानराकु हा परक्या घरातला शिष्य दत्तक घेतला, आणि क्योतोत घराण्याचं नाव पुढं त्यानंच चालवलं. आपल्याकडं असं परक्या जातीच्या पोराला कोण घरात घेतंय!

आपल्या जिल्ह्यात तेरला लामतुरे संग्रहालयात सातवाहन काळातल्या भाजक्या मातीच्या मूर्ती आहेत. मुलांना एकदा नेऊन दाखवा. घडवणाऱ्यांची नावं मात्र कुणालाच ठाऊक नाहीत.

आता आपल्या विहाराची मागची भिंत. तिच्यावर जातककथा रंगवायच्यात. बाहेरचा पेंटर लावा, असं काहींचं म्हणणं. आमचं म्हणणं, वस्तीत बोर्ड रंगवणारे दोघं आहेत, त्यांनी दर रविवारी मुलांना हाताशी घ्यावं. पोर कुणाच्या घरचं, हे विचारायचं नाही. पोरी शिडीवर कशा चढणार, असं एकानं विचारलं. वारल्यांचा चौक कोण काढायचं, ते आत्ताच सांगितलं. भिंतीला चुना लावून झालाय. नावं विहारातल्या वहीत लिहावीत, मुलींची आधी.