गर्दीच्या माथ्यावरचे आकाश
(व्याख्यानाचा संपादित अंश)



सार्वजनिक सोहळ्याचा बंदोबस्त म्हटला की कठडे, झडती आणि गस्त डोळ्यांसमोर येते. ही सारी व्यवस्था जमिनीवरची. ४ ऑगस्ट २०१८ रोजी व्हेनेझुएलाची राजधानी काराकास येथे राष्ट्राध्यक्ष मादुरो लष्करी समारंभात भाषण करीत असताना स्फोटके वाहणाऱ्या ड्रोनचा स्फोट झाला. कठडे जागच्या जागी होते. संकट वरून आले.

या संकटाला अमेरिकेने दिलेले उत्तर अभ्यासण्याजोगे आहे. २०२६ ची विश्वचषक फुटबॉल स्पर्धा अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको या तीन देशांतील १६ नगरांत योजण्यात आली. पैकी ११ नगरे अमेरिकेतील. जुलै २०२५ मध्ये झालेल्या कायद्याने राज्यांच्या ड्रोनविरोधी सिद्धतेसाठी ५० कोटी डॉलरची तरतूद केली. डिसेंबर २०२५ च्या अखेरीस त्यातील पहिले २५ कोटी यजमान ११ राज्यांना आणि राजधानीच्या परिसराला मंजूर झाले. उर्वरित निधी पुढील टप्प्यात सर्व राज्यांसाठी ठेवण्यात आला.

आकडा मोठा आहे. परंतु केवळ पैशाने आकाश राखता येते काय?

अमेरिकेत ३०,००० वा अधिक आसनांच्या क्रीडागारांत प्रमुख सामने असताना, सामन्याच्या एक तास आधीपासून एक तास नंतरपर्यंत, भोवतालच्या तीन सागरी मैलांच्या परिघात ड्रोन उडविण्यास मनाई आहे. तरीही तेथील व्यावसायिक फुटबॉल संघटनेने एका हंगामात अडीच हजारांहून अधिक उल्लंघने नोंदविली. नियम होता, तो मोडणाऱ्या यंत्राला रोखणारा हात नव्हता. २०१८ च्या कायद्याने ड्रोन निष्प्रभ करण्याचा अधिकार मोजक्या केंद्रीय यंत्रणांनाच दिला होता. प्रत्यक्ष बंदोबस्तावरील स्थानिक पोलिसाला ड्रोन दिसे, पण त्याला तो कायद्याने अडविता येत नसे. डिसेंबर २०२५ मध्ये नव्या कायद्याने प्रशिक्षित आणि प्रमाणित अशा राज्य व स्थानिक पोलिसांना हा अधिकार मिळाला. त्या अधिकाराविना रोखण्याची उपकरणे म्हणजे म्यानात गंजणारी तलवारच ठरली असती.

प्रशिक्षणाची अट का, हेही समजून घेतले पाहिजे. ड्रोन आणि चालक यांच्यातील रेडिओ संदेश टिपणारी उपकरणे, रडार आणि कॅमेरे यांच्या साह्याने ड्रोनचा वेध घेतला जातो. आधीच मार्ग ठरवून सोडलेला ड्रोन रेडिओ संदेश न देताही उडू शकतो. म्हणून एकाच साधनावर विसंबणे घातक. वेध लागल्यावर प्रश्न अधिक बिकट होतो. हजारोंच्या माथ्यावरचा ड्रोन पाडला, तर तो त्यांच्यावरच कोसळेल. संदेशलहरी रोखल्या, तर रुग्णवाहिकेचा आणि पोलिसांचा संपर्कही बिघडू शकतो. शिवाय ड्रोन उडविणारा प्रत्येक जण शत्रू नसतो. हौशी चित्रणासाठी नियम मोडणारेही असतात. कित्येकदा आकाशातील यंत्रापेक्षा जमिनीवरील चालक शोधणे हाच श्रेयस्कर मार्ग असतो. हा विवेक यंत्र शिकवीत नाही. तो सरावानेच अंगी बाणतो.

हा विषय परक्या देशापुरता नाही. २७ जून २०२१ रोजी जम्मूच्या वायुदल तळावर ड्रोनद्वारे हल्ला झाला. २०२५ च्या प्रयाग महाकुंभात ड्रोनविरोधी यंत्रणा उभारावी लागली. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या २०२६-२७ च्या सिंहस्थाचा विचारही आकाश वगळून करता येणार नाही.

अमेरिकेच्या अनुभवाचे सार एवढेच, की निधी, अधिकार आणि प्रशिक्षण ही तिपाई आहे. एक पाय आखूड राहिला तरी ती कलंडते. आणि ही तिन्ही सोहळ्याच्या पुरेशी आधी हाती आली पाहिजेत. सोहळ्याच्या तोंडावर आलेले अनुदान यंत्र विकत घेऊ शकते, सराव विकत घेऊ शकत नाही. गर्दीत उभे असलेले कुटुंब आकाशाकडे निर्धास्त पाहू शकले, तरच त्या पैशाचे सार्थक झाले.