वादी, संवादी आणि विवादी

मैफल संपते. तानपुरे गवसणीत जातात, पानाचे तबक फिरते, आणि मग रसिकांची दुसरी मैफल सुरू होते. कोणी म्हणतो, आज बिहागात तीव्र मध्यम अंमळ अधिकच झाला. दुसरा म्हणतो, तो मध्यम नसेल तर बिहाग कसला? तिसऱ्याला आपल्या तरुणपणी ऐकलेल्या कोण्या बुजुर्गाची आठवण होते, आणि तो आजच्या गायकाला त्या बुजुर्गाच्या पायांशी नेऊन बसवितो. प्रारंभी हे सारे मोठ्या खेळीमेळीने चालते. परंतु घटकाभराने बिहाग राग बाजूला राहतो, आणि उरतो तो दुसऱ्या अर्थाचा राग! वर्षानुवर्षे एका सतरंजीवर बसणारी माणसे एवढ्याशा मध्यमापायी एकमेकांशी अबोला धरतात. मराठी माणूस मुंबई-पुण्यात असो, इंदूर-बडोद्यात असो, की नोकरीनिमित्त दिल्ली-कलकत्त्यास गेलेला असो, संगीतमंडळ काढल्यावाचून त्याला राहवत नाही, आणि दुर्दैवाने त्या मंडळाची दोन मंडळे झाल्यावाचूनही पुष्कळदा राहत नाही.

असे का व्हावे? संगीत हे माणसांना जवळ आणणारे आहे असे आपण नित्य ऐकतो. मग संगीतावरील मतभेदच इतके कडू का होतात?

याचे एक कारण कलेच्या स्वरूपातच आहे. चित्रकाराचे चित्र त्याच्यापासून वेगळे होऊन भिंतीवर टांगता येते. गायकाचे गाणे त्याच्या कंठातून निघते; त्याचा श्वास, त्याची प्रकृती, त्याचा स्वभाव, सारे त्यात मिसळलेले असते. ‘तुमचा गंधार आज लागला नाही’ हे वाक्य ऐकणाऱ्याला ‘आज तुम्हीच उतरलात’ असे ऐकू येते. दुसरे कारण परंपरेचे आहे. आपल्याकडे विद्या ग्रंथातून कमी आणि गुरुमुखातून अधिक आली. शिष्याने घेतलेली स्वरसंगती ही गुरूची ठेव असते. तिच्यात कोणी दोष दाखविला, की तो दोष गुरूवर, आणि गुरूच्याही गुरूवर जाऊन पडतो. स्वतःवरील टीका एखादा विनयाने सोशील. गुरुनिंदा सोशील कशी? तिसरे कारण श्रोत्याचे आहे. त्याने जे प्रथम ऐकले आणि ज्याने त्याचे मन भारले, ते त्याला प्रमाण वाटते. त्या प्रमाणाला धक्का लागला की त्याच्या रसिकतेलाच आव्हान मिळाल्यासारखे होते. अहंकार तो हाच. मात्र तो भक्तीचे वस्त्र पांघरून येतो, म्हणून ओळखू येत नाही.

वस्तुतः रागांच्या बाबतीत मतभेद हा नियमच आहे. बागेश्रीत पंचम किती घ्यावा, घ्यावा की नाही, याविषयी मतभेद आहेत. पं. विष्णू नारायण भातखंडे यांनी ललत मारवा थाटात घातला तो त्यातील धैवत शुद्ध मानून. आज बहुतेक गायक त्यात कोमल धैवत घेतात. बिहाग त्यांनी बिलावल थाटात ठेवला, कारण त्यांच्या दृष्टीने शुद्ध मध्यम हाच त्यातील मुख्य मध्यम. आज तीव्र मध्यमाशिवाय बिहाग ओळखूच येत नाही असे म्हणणारे पुष्कळ आहेत. राग हा वाहत्या नदीसारखा आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या घाटावर उभे राहून आजच्या पाण्याला ‘तू चुकलेस’ म्हणणे व्यर्थ आहे. आणि आजच्या पाण्याने जुन्या घाटाला हसणेही तितकेच व्यर्थ आहे.

भातखंडे यांचेच चरित्र या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. १८६० साली मुंबईत वाळकेश्वरी जन्मलेला हा गृहस्थ व्यवसायाने वकील. साक्ष तपासावी तशी त्यांनी संगीताची साक्ष तपासली. १९०४ साली ते दक्षिणेत गेले, पुढे देशभर हिंडले, ग्रंथ धुंडाळले, पंडितांना प्रश्न विचारले, उस्तादांकडून चिजा मिळविल्या. १९१० साली त्यांचा ‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’ हा संस्कृत ग्रंथ प्रसिद्ध झाला, त्यावर त्यांचे नाव नव्हते. ‘चतुर पंडित’ असे टोपणनाव होते. ‘हिंदुस्तानी संगीत पद्धती’ हा मोठा मराठी ग्रंथ त्यांनी गुरुशिष्यांच्या संवादाच्या रूपाने लिहिला. या रचनेत एक फार मोठी सोय आहे. शिष्य शंका काढतो, आणि त्या शंकेला पानेच्या पाने मिळतात. प्रतिपक्षाचे म्हणणे आधी मांडावयाचे आणि मग आपले, ही आपल्या शास्त्रकारांची जुनी रीत. पूर्वपक्ष जितका बळकट, तितका सिद्धान्त भक्कम.

मात्र भातखंडे हे संत होते असे समजण्याचे कारण नाही. प्रवासात भेटलेल्या कित्येक गुणीजनांविषयी त्यांच्या दैनंदिनीत कठोर, प्रसंगी उपहासाचे शेरे आहेत. ज्याला ग्रंथाचा आधार देता येत नाही त्याला ज्ञानच नाही, असा त्यांचा सूर तेथे लागतो. इकडे, ज्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या विद्या मुरली, त्यांना हा वकील काय शिकविणार, असे उस्तादांच्या बाजूने म्हटले जाई. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य होते, आणि दोन्ही बाजूंच्या स्वरात अहंकार होता. तरीही हेच भातखंडे रामपूर दरबारच्या वझीर खाँसाहेबांसारख्यांपुढे शिकण्यासाठी बसले, आणि उस्तादांच्या घराण्यांतून आलेल्या शेकडो चिजा त्यांच्या ‘क्रमिक पुस्तक मालिके’तून घरोघरी पोहोचल्या. शेरे दैनंदिनीत राहिले. चिजा मात्र आजही गायिल्या जातात.

त्याच काळात श्रुतींचा वाद मोठा रंगला. सप्तकात बावीस श्रुती असे प्राचीन ग्रंथ सांगतात. पण त्या नेमक्या कोठे, हा प्रश्न होता. सांगलीचे कृ. ब. देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. त्यांनी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गाण्याच्या आधारे स्वरांची मोजमापे केली आणि १९१० साली त्यावर इंग्रजीत पुस्तिका लिहिली. ई. क्लेमंट्स या आय. सी. एस. अधिकाऱ्याने तेच सूत्र पुढे नेले, आणि श्रुतींची हार्मोनियम तयार झाली. १९१६ साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तेथे ही पेटी विद्वानांपुढे आली. परिषदेला ती पटली नाही. भातखंडे यांनाही ती पटलेली नव्हती.

या वादात एक गोष्ट मोठ्या मोलाची घडली. ज्याचा दावा होता त्याने तो सभेपुढे ठेवला, आणि तो कानांनी तपासला गेला. मतभेद मिटविण्याचा याहून सभ्य मार्ग नाही. परंतु त्यानंतरही ज्याचे त्याचे मत ज्याच्या त्याच्यापाशीच राहिले. पुढे १९६३ साली नझीर जयराजभॉय आणि ए. डब्ल्यू. स्टोन यांनी नामांकित कलावंतांचे स्वर यंत्राने मोजले, तेव्हा असे दिसले की एकच स्वर दोन कलावंतांच्या गाण्यावाजविण्यात तर सोडाच, एकाच कलावंताच्या एकाच मैफलीतही एका जागी स्थिर राहत नाही. म्हणजे ज्या बिंदूसाठी विद्वान भांडत होते, तो बिंदू नसून एक लहानसा प्रदेश होता. अमुक जागीच स्वर आहे असे म्हणणारे दोघेही आपापल्या परीने खरे असू शकतात, ही शक्यता त्या भांडणात कोणी जमेसच धरली नव्हती.

तिसरे उदाहरण खुद्द आकाशवाणीच्याच इतिहासातील आहे. १ मार्च १९४० पासून हार्मोनियमला नभोवाणीवर बंदी झाली. या वाद्यावरचे आक्षेप खरे होते. त्याचे स्वर ठरीव. मींड त्यातून निघत नाही. गायकाचा कोमल गंधार जेथे डोलतो तेथे पेटीचा गंधार खुंटीसारखा उभा राहतो. रवींद्रनाथ ठाकुरांसारख्या कलावंतालाही हे वाद्य रुचत नसे. परंतु दुसऱ्या बाजूलाही काही म्हणावयाचे होते. महाराष्ट्रात संगीत रंगभूमीने पेटीला प्रतिष्ठा दिली होती. गोविंदराव टेंब्यांसारखा कलावंत भास्करबुवा बखल्यांच्या साथीला बसे, तेव्हा ऐकणाऱ्याला पेटीतील उणिवांपेक्षा टेंब्यांच्या बोटांतील समज अधिक जाणवत असे. वाद्यावरील टीका ही वाद्यापुरती राहिली असती तर तिच्यातून वाद्य सुधारले असते, साथीची रीत सुधारली असती. पण युक्तिवादाची जागा आज्ञेने घेतली, आणि पेटीवाल्यांची एक पिढी नभोवाणीच्या दाराबाहेर राहिली. १९७० साली आकाशवाणीने या प्रश्नावर परिसंवाद भरविला, विरुद्ध मतांची माणसे एकत्र बसली, निबंध वाचले गेले, आणि १९७१ मध्ये निवडक कलावंतांच्या साथीपुरती बंदी उठली. जे संभाषणाने झाले ते तीस वर्षे आधी का होऊ नये, असा प्रश्न त्या पेटीवाल्यांनी विचारला असता तर त्याला समर्पक उत्तर देणे कठीण होते.

चित्रपटगीतांच्या बाबतीतही थोडेबहुत असेच घडले. १९५२ साली बा. वि. केसकर नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. शास्त्रीय संगीताविषयी त्यांची तळमळ शंकेपलीकडची होती, आणि त्या संगीताला नभोवाणीवर मिळालेले स्थान पुष्कळ अंशी त्यांचेच देणे आहे. परंतु चित्रपटगीतांना त्यांच्या कारकीर्दीत जो अटकाव झाला, त्याचा परिणाम असा झाला की श्रोते सिलोन रेडिओकडे वळले. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू करावी लागली. अभिरुची तुच्छतेने सुधारत नाही. ज्याला आपण हलके म्हणतो, तो आपल्याकडे पाठ फिरवून बसतो, आणि मग चांगले गाणे ऐकविण्यासाठीही तो आपल्या हाती राहत नाही.

याच्या उलट चित्रही आपल्याकडे आहे. बा. र. देवधर हे विष्णु दिगंबर पलुसकरांचे शिष्य. एका निश्चित परंपरेत वाढलेले. पण मुंबईतील त्यांच्या विद्यालयात नाना घराण्यांच्या उस्तादांची ये-जा असे. देवधर त्यांना प्रश्न विचारीत, ऐकत, शिकत. आपल्या गुरूंवरील निष्ठा त्यामुळे उणी झाली असे त्यांना कधी वाटले नाही. कुमार गंधर्वांसारखा स्वतंत्र बुद्धीचा गायक याच विद्यालयात घडला, हा निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही. जेथे दुसऱ्याचे ऐकण्याची सवय असते, तेथेच स्वतःचे काही सुचते.

सभ्यता म्हणजे मात्र गोड बोलणे नव्हे, हेही सांगितले पाहिजे. सम चुकली तरी ‘वाहवा’ म्हणणारा श्रोता गायकाचा हितकर्ता नव्हे. त्याची दाद ही आळसाचीच एक तऱ्हा आहे. खरी टीका नेमकी असते. ‘गाणे जमले नाही’ यात ऐकणाऱ्याला धरावयास काही नाही. ‘विलंबितात अंतरा घाईने आटोपला, त्यामुळे तार षड्जाला विसावा मिळाला नाही’ यात त्याला काम करण्याजोगे काही मिळते. पहिल्या वाक्याने माणूस दुखावतो. दुसऱ्याने दुखावला तरी घरी जाऊन तानपुरा लावतो. टीका नेमकी करावयाची तर लक्ष देऊन ऐकावे लागते, आणि लक्ष देऊन ऐकणे हाच कलावंताचा सर्वांत मोठा आदर आहे.

आपल्या गुणीजनांनी अहंकाराला आवर घालण्याच्या काही रीती घालून दिल्या आहेत. गुरूचे नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावावयाचा. गाण्यास आरंभ करण्यापूर्वी सभेतील वडीलधाऱ्यांची अनुज्ञा मागावयाची. या रीती कित्येकदा केवळ देखाव्यापुरत्या उरतात हे खरे. तरी त्यांतील भाव समजून घेण्यासारखा आहे. कानाला हात लावण्याचा अर्थ एवढाच, की हे माझे नाही, मला मिळालेले आहे. जे मिळालेले आहे त्यावर कोणी बोट ठेवले तर संतापण्याऐवजी, ‘मला असे मिळाले, तुम्हांला कसे मिळाले?’ असे विचारता येते. ध्वनिमुद्रणांच्या आजच्या दिवसांत तर याची गरज अधिकच आहे. गायक समोर नसतो, त्याचा चेहरा दिसत नाही, आणि चार मिनिटांचा तुकडा ऐकून चाळीस वर्षांच्या साधनेवर निकाल देणे फार सोपे झाले आहे.

संगीतशास्त्राने रागातील स्वरांना वादी, संवादी, अनुवादी आणि विवादी अशी नावे दिली आहेत. विवादी म्हणजे रागाला न मानवणारा स्वर. परंतु शास्त्र त्याला सर्वस्वी हद्दपार करीत नाही. केदारात कोमल निषादाचा ओझरता स्पर्श होतो, आणि ऐकणाऱ्याच्या तोंडून नकळत उद्गार निघतो. मात्र तो स्पर्श करणाऱ्याला केदार पुरता ठाऊक असावा लागतो. कोठे स्पर्श करावा, किती करावा आणि लागलीच कोठे परतावे, हे त्याला कळावे लागते. त्याच निषादावर कोणी अडून बसला, तर निषाद राहील, केदार जाईल. मंडळात, सभेत, रसिकांच्या बैठकीत विरुद्ध मत मांडणाऱ्याने आणि ते ऐकून घेणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवले, तर मैफलीनंतरची ती दुसरी मैफलही रंगेल, आणि पुढच्या शनिवारी सारी मंडळी पुन्हा त्याच सतरंजीवर येऊन बसतील.